थेसालोनिकी : आलेल्यांचे आणि गेलेल्यांचे शहर

१९१३ साली ग्रीक प्रशासनाने थेसालोनिकीत शिरगणती केली. एजियन समुद्राच्या वायव्य टोकाला, थर्माइक आखाताच्या कुशीत वसलेले हे बंदर आदल्याच वर्षी, ४८२ वर्षांच्या ऑटोमन सत्तेनंतर, ग्रीसच्या हाती आले होते. नव्या राज्यकर्त्यांना आपल्या पदरात नेमके काय पडले आहे हे मोजायचे होते. माणसे भरली १,५७,८८९. त्यांत ज्यू ६१,४३९, तुर्क ४५,८६७, ग्रीक ३९,९५६, बल्गेरियन ६,२६३ आणि उरलेले इतर. म्हणजे ज्या ग्रीसने हे शहर जिंकले, त्या ग्रीसची भाषा बोलणारे लोक शहरात तिसऱ्या क्रमांकावर होते.

पुढच्या तीस वर्षांत या यादीतले पहिले दोन समाज शहरातून जवळजवळ नाहीसे झाले. तुर्क एका आंतरराष्ट्रीय कराराने गेले. ज्यूंना मालगाड्यांत कोंबून नेले गेले. आणि रिकाम्या झालेल्या घरांत, गल्ल्यांत, बाजारांत दुसरीकडून हाकललेली माणसे येऊन राहिली. आज थेसालोनिकीच्या रस्त्यावर भेटणाऱ्या माणसाच्या आजोबा-पणजोबांचा जन्म या शहराबाहेर, बहुधा आजच्या तुर्कस्तानात, झालेला असण्याचा संभव मोठा आहे. जुन्या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांची नातवंडे-पतवंडे इस्तंबूल, इझमीर, हैफा, पॅरिस अशी विखुरली आहेत, किंवा ती जन्मालाच आली नाहीत.

अशा शहराचा सांस्कृतिक वारसा सांगायचा कसा, हा या पुस्तकामागचा प्रश्न आहे. जुन्या शहरांबद्दल लिहिताना आपण सहज ‘थर’ म्हणतो. रोमन थर, त्यावर बायझंटाइन, त्यावर ऑटोमन. ऐकायला हे छान वाटते, कारण थर एकमेकांवर निवांत पडून राहतात. थेसालोनिकीत तसे झालेले नाही. इथे प्रत्येक काळाने आधीच्या काळाचे दगड काढून आपल्या भिंतीत बसवले, आधीच्यांच्या देवघरात आपला देव बसवला, आणि पुष्कळदा आधीच्यांचे नावही पुसले. तरीही काही गोष्टी टिकल्या. कशा टिकल्या, कोणी टिकवल्या, आणि कोणाच्या गैरहजेरीत टिकल्या, हे पाहिल्याशिवाय इथल्या वारशाचे कौतुक करणे मला अपुरे वाटते.

प्राचीन काळाचा हिशेब थोडक्यात आटोपता येतो. इसवी सनपूर्व ३१५ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा कॅसँडर याने हे शहर वसवले आणि त्याला आपल्या बायकोचे नाव दिले. ती अलेक्झांडरची सावत्र बहीण. पुढे रोमनांनी एड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे जाणारा व्हिया एग्नाशिया हा राजमार्ग बांधला आणि शहराचे भाग्य उजळले. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी जमिनीची वाट आणि उत्तरेकडच्या वार्दार नदीच्या खोऱ्यातून समुद्राकडे येणारी वाट इथे भेटतात. या एका भौगोलिक कारणामुळे राज्ये बदलली तरी बंदर बंद पडले नाही. पहिल्या शतकात संत पॉल इथे येऊन गेला आणि त्याने इथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेली पत्रे बायबलच्या नव्या करारात आहेत. नवव्या शतकात किरिल आणि मेथोडियस हे भाऊ याच शहरात जन्मले. स्लाव लोकांना ख्रिस्ती धर्म त्यांच्याच भाषेत सांगता यावा म्हणून त्यांनी लिपी घडवली. आज बल्गेरियापासून रशियापर्यंत कोट्यवधी लोक जी लिपी वापरतात तिला किरिलचेच नाव आहे. शहरावर संकटेही कमी आली नाहीत. ९०४ मध्ये अरब आरमाराने ते लुटले, ११८५ मध्ये नॉर्मनांनी, आणि १४३० मध्ये सुलतान दुसरा मुराद याने ते जिंकून घेतले. आखिरोपिइतोस नावाच्या जुन्या चर्चमधल्या एका संगमरवरी खांबावर या विजयाची नोंद अरबी अक्षरांत कोरलेली आहे. चर्च आज पुन्हा चर्च आहे आणि खांबावरची अक्षरेही तशीच आहेत.

शहराचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर रोटंडासमोर उभे राहावे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट गॅलेरियसच्या काळात बांधलेली ही प्रचंड गोल वास्तू आहे. भिंतींची जाडी सहा मीटरच्या वर. ती मुळात कशासाठी बांधली, समाधी म्हणून की देऊळ म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लवकरच तिचे चर्च झाले आणि घुमटाच्या आतून सोनेरी मोझेक चढले. १५९० च्या सुमारास तिची मशीद झाली आणि शेजारी मिनार उभा राहिला. १९१२ नंतर ती पुन्हा चर्च झाली. १९७८ च्या भूकंपात तिला तडे गेले आणि पुढची कित्येक वर्षे ती परांच्यांनी वेढलेली होती. शहरातले बाकीचे मिनार ग्रीक राजवटीत पाडले गेले. रोटंडाशेजारचा तेवढा उभा राहिला. आज एकाच नजरेत रोमन विटा, ख्रिस्ती मोझेक आणि ऑटोमन मिनार दिसतो, आणि पर्यटक हे दृश्य सहिष्णुतेचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यात टिपतात. मला तो पुरावा वाटत नाही. एकेका धर्माने दुसऱ्याला बाहेर काढून ही वास्तू घेतली आहे. पण तिला पाडण्याऐवजी वापरत राहण्याचे शहाणपण सगळ्यांनी दाखवले, आणि सतराशे वर्षांच्या वापरामुळेच ती शाबूत आहे, हेही तितकेच खरे.

संत दिमित्रिओसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हा शहराचा रक्षक संत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन स्नानगृहाच्या जागी त्याला ठार मारले, अशी श्रद्धा आहे. त्या जागेवर त्याचे मोठे चर्च झाले. त्याच्या कबरीतून सुगंधी तेल पाझरते म्हणून दूरदूरहून यात्रेकरू येत. १४९० च्या दशकात या चर्चची मशीद झाली. पण संताच्या समाधीकडे जाणारी वाट मुसलमान राखणदारांनी बंद केली नाही. ख्रिस्ती भाविक येत राहिले, राखणदार त्यांना समाधी दाखवत राहिले. पीर आणि देव एकाच आवारात पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. १९१२ मध्ये ग्रीक सैन्याने शहर ताब्यात घेतले तो जुन्या पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर, म्हणजे नेमका दिमित्रिओसचा सण. त्यामुळे संताचा उत्सव आणि शहराचा मुक्तिदिन एकच होऊन बसला. १९१७ च्या आगीत चर्च जळाले. त्या पडझडीनंतरच्या खोदकामात खालचे तळघर, म्हणजे मूळ स्नानगृहाचा भाग, सापडले. पुन्हा बांधलेले चर्च १९४९ मध्ये भाविकांसाठी खुले झाले.

या सणाभोवती मध्ययुगात मोठी जत्रा भरे. बाराव्या शतकातल्या ‘तिमारिऑन’ नावाच्या एका ग्रीक उपहासग्रंथात तिचे वर्णन आहे. शहराच्या वेशीबाहेर तंबूंच्या रांगा, इटली, स्पेन, इजिप्त, फिनिशिया इथून आलेला माल, काळ्या समुद्रावरचा माल कॉन्स्टँटिनोपलमार्गे घोड्या-खेचरांच्या पाठीवर आलेला. त्या जत्रेचे नाव ‘दिमित्रिया’. आज त्याच नावाने शरद ऋतूत नाटक-संगीताचा महोत्सव भरतो. तो १९६० च्या दशकात नव्याने सुरू केलेला आहे, अखंड चालत आलेला नाही. परंपरा तुटल्यावर पुन्हा जोडण्याची ही धडपड या शहरात जागोजाग दिसते आणि मला ती खोटी वाटत नाही. जोड कुठे दिली आहे तेवढे मात्र सांगायला हवे.

आता ज्या समाजाशिवाय या शहराला अर्थ नाही त्याच्याकडे वळतो. १४७८ च्या ऑटोमन नोंदवहीत थेसालोनिकीत एकही ज्यू कुटुंब नाही. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले आणि त्यांतले हजारो जण ऑटोमन मुलखात आले. १५१९ च्या नोंदीत शहरातली निम्म्याहून अधिक वस्ती ज्यू आहे. इतक्या झपाट्याने एखाद्या शहराची भाषा बदलल्याचे उदाहरण विरळा. हे लोक पंधराव्या शतकातली स्पॅनिश बोलत होते. तिच्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक, इटालियन शब्द मिसळत गेले आणि लादिनो म्हणून ओळखली जाणारी भाषा तयार झाली. पुढची चारशे वर्षे बंदरावरचा ग्रीक दुकानदार आणि तुर्क हमालही कामापुरती ही भाषा बोलत.

आलेल्यांनी आपापली प्रार्थनामंदिरे बांधली आणि त्यांना सोडून आलेल्या गावा-प्रांतांची नावे दिली: कास्तिया, आरागोन, कातालान, लिस्बोन, मायोर्का, सिसिलिया. त्यांनी लोकरीचे कापड विणले आणि सुलतानाच्या जानिसारी सैन्याचे कपडे या शहरातून जाऊ लागले. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे हिब्रू छापखाना सुरू झाला, म्हणजे ऑटोमन राज्यकर्त्यांनी तुर्की पुस्तके छापायला परवानगी देण्याच्या दोनशे वर्षे आधी. गोदीतले हमाल, नावाडी, कोळी हे बहुतांश ज्यू होते. ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण युरोपातला ज्यू म्हटले की सावकार किंवा सराफ डोळ्यांसमोर येतो. इथे पाठीवर पोती वाहणारा, जाळे टाकणारा, तंबाखूच्या कारखान्यात पाने निवडणारा ज्यू होता. शनिवारी ते काम करत नसत. म्हणून शनिवारी अख्खे बंदर बंद. परदेशी जहाजे नांगर टाकून वाट पाहत.

कोकणातल्या वाचकाला हे वाचून काही आठवेल. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावेही त्यांनी गावांवरूनच घेतली: पेणकर, केहीमकर, रोहेकर, नवगावकर. फरक एवढाच की कोकणातल्या ज्यूंनी पोहोचलेल्या गावांची नावे लावली आणि थेसालोनिकीतल्या ज्यूंनी सुटलेल्या गावांची जपली. त्यातून दोन्हीकडच्या मुक्कामांचा स्वभाव थोडा कळतो. बेने इस्रायलींनी मराठी घरची भाषा केली. थेसालोनिकीत इतके ज्यू होते की त्यांना भाषा बदलण्याची गरजच पडली नाही.

लादिनोत वर्तमानपत्रे निघाली. १८७५ मध्ये साआदी बेझालेल हलेवी या मुद्रकाने ‘ला एपोका’ काढले. तो गायकही होता. धर्मगुरूंशी त्याचे बिनसले आणि त्यांनी त्याला बहिष्कृत केले. त्याने लिहिलेल्या आठवणी या लादिनोतल्या पहिल्या ज्ञात आत्मचरित्रात्मक लेखनात मोडतात. त्याच शहरात साब्बाताई झ्वीची कथाही घडली. १६६५ मध्ये स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या या इझमीरच्या माणसाने दुसऱ्याच वर्षी, सुलतानासमोर उभे केल्यावर, इस्लाम स्वीकारला. बहुतेक अनुयायी खचले. पण १६८३ मध्ये थेसालोनिकीतल्या काहीशे कुटुंबांनी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून धर्मांतर केले. बाहेरून मुसलमान, घरात आपल्या वेगळ्या चालीरीती, लग्ने आपापसात. यांना ‘दोन्मे’ म्हणत. शहरातल्या नव्या शाळा, व्यापार, नगरपालिका यांत या छोट्या समाजाचा वाटा फार मोठा होता. १९०२ मध्ये त्यांच्यासाठी इटालियन वास्तुविशारद व्हितालियानो पोझेल्ली याने ‘येनी जामी’, म्हणजे नवी मशीद, बांधली. युरोपीय शैली, मूरिश कमानी आणि नक्षीत षट्कोनी तारे. शहरातली मला सर्वांत जास्त भावलेली इमारत हीच. तिच्यात एका समाजाने स्वतःबद्दल उघड न बोललेले पुष्कळ काही दगडात बोलून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राकडची तटबंदी पाडली गेली आणि शहराने पाण्याकडे तोंड केले. रेल्वे आली, १८८८ मध्ये ती मध्य युरोपला जोडली गेली. तटाचा उरलेला एक बुरूज तुरुंग म्हणून वापरला जाई आणि तिथल्या कत्तलींमुळे लोक त्याला रक्ताचा बुरूज म्हणत. १८९० च्या सुमारास त्याला चुना फासून पांढरे केले आणि तेव्हापासून तो शहराचे चिन्ह झाला. १८८१ मध्ये इथे मुस्तफा केमाल जन्मला, १९०२ मध्ये कवी नाझिम हिकमत. १९०८ ची तरुण तुर्कांची क्रांती याच भागातून पेटली आणि पुढच्या वर्षी पदच्युत सुलतान दुसरा अब्दुल हमीद याला नजरकैदेत ठेवले तेही याच शहरातल्या अल्लातिनी या ज्यू कुटुंबाच्या हवेलीत. त्याच १९०९ साली आव्राम बेनारोया याच्या पुढाकाराने ‘फेदेरासियोन’ ही कामगार संघटना स्थापन झाली आणि तिचे मुखपत्र लादिनो, बल्गेरियन, ग्रीक आणि तुर्की अशा चार भाषांत निघाले. पहिल्या अंकाच्या त्या चार भाषा पाहिल्या की हे शहर वेगळ्या वाटेनेही जाऊ शकले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ते गेले नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये वार्दारिस हा उत्तरेचा वारा सुटलेला असताना एका स्वयंपाकघरातून आग लागली आणि ३२ तास जळत राहिली. सुमारे ९,५०० घरे गेली, सत्तर हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले आणि त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. फ्रेंच नगररचनाकार एर्नेस्त एब्रार याने नवा आराखडा आखला. आजचा सुंदर अरिस्तोतेलूस चौक, समुद्रापर्यंत जाणारा रुंद पट्टा, कमानींच्या इमारती ही त्याची देणगी. पण जळालेल्या जागा सरकारने ताब्यात घेतल्या, लिलाव झाले आणि मध्यवस्तीतले गरीब ज्यू शहराच्या कडेला फेकले गेले. आग लागली ती अपघाताने. तिच्यानंतर कोणी कुठे राहायचे हे मात्र माणसांनी ठरवले.

१९२३ च्या लोझानच्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी आपापल्या अल्पसंख्याकांची अदलाबदल केली. निकष धर्म होता, भाषा नव्हती. त्यामुळे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात गेले, तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. दोन्मेही मुसलमान म्हणून मोजले गेले. त्यांनी आपल्याला इथेच राहू द्या म्हणून केलेली खटपट फळाला आली नाही. वीस वर्षांनी काय घडणार होते हे लक्षात घेता, त्या नकारानेच त्यांचे प्राण वाचले.

आलेल्या लाखभर निर्वासितांनी शहर पुन्हा घडवले. हा भाग लिहिताना माझे मन सर्वांत रमले, कारण आज आपण थेसालोनिकीची म्हणून जी खाद्यसंस्कृती ओळखतो ती बरीचशी या दुःखातून आली आहे. हाताने हवेत फिरवून कागदासारख्या पातळ केलेल्या पारीत गोड रवा-मलई किंवा चीज भरून भाजलेला बुगात्सा सकाळी शहरभर खाल्ला जातो. पारी ओढण्याचे हे कसब पूर्वेकडून आलेल्या हलवायांचे. रस्त्याच्या कोपऱ्यावर विकली जाणारी तिळाची कडी म्हणजे कुलुरी. मसाल्यांचा सढळ हात, मांसात दालचिनी, भाज्यांत भात भरण्याची रीत, हे सगळे इझमीर, कॉन्स्टँटिनोपल आणि काळ्या समुद्राच्या काठावरच्या स्वयंपाकघरांतले. ज्यू घरांतली रात्रभर मंद आचेवर शिजून तपकिरी झालेली अंडी मात्र आता मोजक्याच घरांत उरली.

निर्वासितांबरोबर रेबेतिको हे गाणेही रुजले. बुझुकीच्या साथीने हशीश, तुरुंग, विरह आणि गरिबी गाणारे. इस्तंबूलमध्ये जन्मलेली आणि थेसालोनिकीत वाढलेली ज्यू गायिका रोझा एस्केनाझी तुर्की, ग्रीक, लादिनो अशा भाषांत गात असे. जर्मन ताब्याच्या वर्षांत वासिलिस त्सित्सानिस इथेच छोटेसे मद्यगृह चालवत गाणी रचत होता. ‘पाओक’ हा फुटबॉल क्लब १९२६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्यांनी काढला. त्याच्या चिन्हावर बायझंटाइन दुतोंडी गरुड आहे. आणि शहरापासून जवळच्या लांगादास गावात दर २१ मे रोजी संत कॉन्स्टँटिन आणि हेलेन यांची चित्रे हातात घेऊन, लायरा आणि ढोलाच्या तालावर, भक्त अनवाणी निखाऱ्यांवरून नाचत जातात. पूर्व थ्रेसमधून आलेल्यांनी हा आनास्तेनारियाचा विधी बरोबर आणला. चर्चने त्याला कायम नाक मुरडले, तरी तो चालू आहे.

११ जुलै १९४२, शनिवार. जर्मनांनी १८ ते ४५ वयाच्या ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास, म्हणजे स्वातंत्र्य, चौकात हजर राहायला सांगितले. सुमारे नऊ हजार पुरुषांना भर उन्हात तासन् तास उभे केले, मारहाण केली, कवायती करायला लावल्या. शब्बाथचा दिवस मुद्दाम निवडला होता. डिसेंबरात शहराच्या पूर्वेकडची ज्यू दफनभूमी उद्ध्वस्त करण्यात आली. हुकूम जर्मनांचा होता, पण नगरपालिकेला ती जागा आधीपासून हवी होती. साडेचारशे वर्षांच्या लाखो कबरी. त्यांच्या शिळा रस्त्यांना, भिंतींना, अंगणांना, चर्चच्या दुरुस्तीलाही वापरल्या गेल्या. १५ मार्च १९४३ रोजी पहिली गाडी आउश्विट्झला निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६,००० माणसे नेली गेली. दोन हजारही परतली नाहीत. चार शतके या काठावर टिकलेली स्पॅनिश भाषा पाच महिन्यांत संपली. बंदरावरचे काही ज्यू गोदीकामगार त्याआधी, १९३० च्या दशकात, हैफाला गेले होते. तिथल्या नव्या बंदराला त्यांच्या अनुभवाची गरज होती. त्यांच्याबरोबर थेसालोनिकीच्या गोदीचे कसब वाचले.

दफनभूमीच्या जागेवर आज अरिस्टॉटल विद्यापीठ उभे आहे. तिथे स्मारक व्हायला २०१४ साल उजाडले. त्याच वर्षी दुसऱ्यांदा शपथ घेताना महापौर यानिस बुतारिस यांनी कोटावर पिवळा तारा लावला. नवनाझी पक्षाचा माणूस नगरपरिषदेत निवडून आला होता, त्याचा हा निषेध. बुतारिस यांनी तुर्क आणि ज्यू पर्यटकांना आपल्या पूर्वजांचे शहर पाहायला या, असे आवाहन केले. त्यासाठी त्यांना शिव्याही खाव्या लागल्या. मला त्यांचे हे काम शहरातल्या कोणत्याही जीर्णोद्धाराइतके महत्त्वाचे वाटते. एप्रिल २०२४ मध्ये येनी जामीत शंभर वर्षांनी ईदची नमाज झाली. मधल्या काळात ती निर्वासितांचा निवारा होती, मग पुरातत्त्व संग्रहालय, मग प्रदर्शनांची जागा.

१९८८ मध्ये युनेस्कोने थेसालोनिकीची १५ स्मारके जागतिक वारसा यादीत घेतली. यादीचे शीर्षकच आरंभकालीन ख्रिस्ती आणि बायझंटाइन स्मारके असे आहे. ती स्मारके त्या योग्यतेची आहेतच. पण १४४४ चे बेय हमाम, १४६० च्या दशकातली हमझा बेय मशीद, १४८४ चे आलाजा इमारेत, जुने बेझेस्तेन बाजारगृह ही या यादीत नाहीत. हमझा बेय मशिदीत दुकाने होती आणि एक सिनेमागृह चालत असे. बेय हमाम १९६८ पर्यंत लोकांच्या आंघोळीसाठी सुरू होते. यादी करणाऱ्यांनी शहराचा एक काळ निवडला आणि बाकीचे काळ पार्श्वभूमीला ढकलले, असे माझे मत आहे. तुम्हाला ते पटावे असा आग्रह नाही, पण पुस्तक वाचताना ते ध्यानात असू द्यावे.

हाच वाद मेट्रोच्या खोदकामात नव्याने पेटला. २००६ मध्ये काम सुरू झाले आणि व्हेनिझेलू स्थानकाच्या जागी बायझंटाइन शहराचा हमरस्ता, संगमरवरी फरशी आणि दुकानांच्या ओळींसकट, सापडला. तो जागीच ठेवायचा की उचलून नंतर परत बसवायचा, यावर वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर भांडण झाले. शेवटी उचलून परत बसवला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मेट्रो सुरू झाली. उचलण्याला विरोध करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची बाजू मला अधिक पटते. एकदा हलवलेला दगड तोच राहतो, त्याची जागा मात्र तीच राहत नाही. आणि तरी, कामावर निघालेले हजारो लोक रोज त्या रस्त्याशेजारून जातात, याचा आनंदही मला नाकारता येत नाही.

आपल्या माणसांचाही या मातीशी एक संबंध आहे. पहिल्या महायुद्धात सालोनिका आघाडीवर ब्रिटिश सैन्याबरोबर भारतीय सैनिक आणि खेचरांच्या वाहतूक तुकड्यांतले लोक आले होते. त्यांतले जे परतले नाहीत त्यांच्यासाठी मोनास्तिर रस्त्यावर वेगळी भारतीय दफनभूमी आहे. भारतातून जाणाऱ्या प्रवाशांपैकी तिथे पोहोचणारे फार थोडे. पुस्तकात तिच्यावर छोटे प्रकरण घातले आहे.

रचनेबद्दल दोन शब्द. प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत, ठिकाणांप्रमाणे लावली आहेत. गोदी, बाजार, वरचे शहर, दफनभूमी, हमाम, निर्वासितांच्या वस्त्या. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या शतकांतली माणसे भेटावीत हा हेतू. नावांच्या बाबतीत, प्रकरणांमध्ये ऑटोमन काळासाठी ‘सालोनिका’ आणि १९१२ नंतरसाठी ‘थेसालोनिकी’ असे लिहिले आहे. तुर्की लोक त्याच शहराला सेलानिक म्हणतात, स्लाव लोक सोलून. जिथे त्यांच्या तोंडून बोलायचे तिथे त्यांचेच नाव ठेवले आहे. रस्त्यांची नावे आजची दिली आहेत, म्हणजे वाचकाला नकाशा उघडून बसता येईल.

सनावळ्यांचा कंटाळा असलेल्यांनी पहिली दोन प्रकरणे ओलांडून सरळ बाजारांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी काही बिघडणार नाही. तुर्कांचा पिठाचा बाजार असलेले कपानी, एली मोदियानोने १९२० च्या दशकात उभारलेली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडलेली मंडई, जुन्या हमामाला खेटून बसणारे फुलवाले आणि तेलाच्या गोदामांचा लादादिका ही चार ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पुस्तकातली बहुतेक माणसे त्याच गल्ल्यांत कधी ना कधी सौदा करून गेली आहेत.